कोकणातल्या झाडांच्या वलयांतून जुना पाऊस वाचता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दापोलीजवळच्या तुमच्या घरामागचा रायवळ आंबा जून २०२० च्या निसर्ग वादळात मुळासकट पडला. बुंध्याच्या कापावर वलयं दिसतात, ती मोजली तर नव्वदच्या आसपास भरतात. पण घरातली वडीलधारी मंडळी झाड त्याहून खूप जुनं सांगतात. खरं वय कोणतं? आणि या वलयांवरून आपल्या भागातले जुने दुष्काळ, जुने मोठे पाऊस शोधता येतील का? जोडीला जुन्या घराचे सागवानी खांब आणि बांधावरचं ऐनाचं एक मोठं झाड आहे, त्यांचा काही उपयोग होईल का, हेही तुम्ही विचारलंय.

आंब्याचं आधी सांगून टाकतो. तुमच्या नव्वद या आकड्यावर वय ठरवता येणार नाही, कमीत कमी इतकं किंवा जास्तीत जास्त इतकं असंही म्हणता येणार नाही. वलय वर्षाला एक पडायचं तर झाडाची वाढ वर्षातून एकदा पूर्ण थांबावी लागते. सालीच्या आतला, नवं लाकूड बनवणारा कॅम्बियमचा पातळ थर काही महिने झोपला पाहिजे आणि नंतर एकदम जागा झाला पाहिजे. आंबा तसा झोपत नाही. एका फांदीला पालवी फुटते तेव्हा शेजारची फांदी जुन्या पानांवरच असते, वर्षात पालवीचे दोन-तीन हंगाम येतात, मोहर आणि फळांचा भार दर वर्षी वेगळा असतो. त्याच्या लाकडात पाण्याच्या नलिका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतात, त्यामुळे वर्षाची सीमा उठून दिसत नाही. कापावर जे पट्टे दिसतात त्यातले काही वर्षाचे असतील, काही एका पालवीचे, काही नुसते रंगाचे. एक पट्टा बोटाने धरून पूर्ण गोल फिरून पाहा, अर्ध्या वाटेत तो शेजारच्या पट्ट्यात मिसळून जाईल.

आंब्याचं वय काढायचंच असेल तर रेडिओकार्बनचा रस्ता आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, झपाट्याने वाढला, १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू उतरला. त्या काळात बनलेल्या लाकडात ही वाढ नोंदलेली असते. त्यामुळे सालीपासून गाभ्याकडे जाताना १९५५ नंतरचं लाकूड कुठे संपतं हे कळतं, आणि त्यावरून वाढीचा वेग काढून आतल्या भागाचा अंदाज बांधता येतो. मात्र साधारण सतराव्या शतकाच्या मध्यापासून १९५० पर्यंतच्या लाकडाला रेडिओकार्बन एकच तारीख देत नाही, दोन-तीन शक्य कालखंड देतो. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये अशी मोजणी होते. एका घरगुती झाडासाठी तो खर्च करावा असं मी सुचवणार नाही.

कोकणात फसवणारी आणखी झाडं आहेत, त्यातली काही इथेच सांगतो. माड आणि पोफळीला वलयं नसतातच, कारण त्यांच्या खोडात कॅम्बियमच नसतो. तिवराचं उलटं. खाडीकाठचा तिवर तोडलेला दिसला तर त्याच्या कापावर इतकी रेखीव वलयं असतात की मोजायचा मोह आवरत नाही. पण तिवरात एकामागून एक नवे कॅम्बियम तयार होतात, वर्षात एकाहून जास्त थर पडू शकतात. त्यांचा वर्षाशी संबंध जोडता येत नाही.

आता सागाकडे येऊ. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग माझ्या दृष्टीने तोच आहे.

साग उन्हाळ्यात पूर्ण उघडा होतो. पावसाच्या तोंडावर नवी पानं येताना कॅम्बियम जागा होतो आणि पहिल्यांदा मोठ्या तोंडाच्या नलिकांची ओळ घालतो. पुढे पावसाळाभर आणि ओल असेपर्यंत बारीक नलिकांचं घट्ट लाकूड बनत राहतं. पानं पिकायला लागली की काम थांबतं. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या नलिकांची ओळ. ही ओळ नुसत्या डोळ्यांनीही दिसते, भिंगाखाली तर शंका उरत नाही. म्हणून उष्ण कटिबंधात वलयांवर सगळ्यात जुनं आणि भरवशाचं काम सागावर झालं. बेर्लाखे या डच हवामानशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये जावा बेटावरच्या सागाची १५१४ ते १९२९ अशी सलग मालिका प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ठाणे परिसरातल्या सागाची वलयं तिथल्या हवामानाशी ताडून पाहिली. म्हणजे उत्तर कोकणाला हा विषय नवा नाही. पुढे २०१० मध्ये बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका मांडली. त्यात अरुंद वलयांची वर्षं एल निनोच्या आणि कमी पावसाच्या वर्षांशी जुळताना दिसतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाच शतकं मागे जाणारी नोंद झाडाच्या आत शिल्लक आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ठाण्याचं किंवा केरळचं काम वाचून एखादा म्हणेल की मग दापोलीतही रुंद वलय म्हणजे जास्त पाऊस, अरुंद म्हणजे कमी. इथे थांबायला हवं. झाडाची वाढ ज्या गोष्टीची टंचाई असेल तिच्याशी बांधलेली असते. ज्या भागात सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाणीच टंचाईचं, म्हणून तिथलं वलय पावसाच्या आकड्यामागे जातं. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. एखाद्या वर्षी दोन हजार आठशे झाला काय आणि साडेतीन हजार झाला काय, जुलै-ऑगस्टमध्ये सागाला पाणी कमी पडलेलं नसतं. जांभ्यावरची माती उथळ, जास्तीचं पाणी पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला जातं, झाडाच्या कामाला येत नाही. उलट सलग ढगाळ दिवसांत ऊन कमी मिळतं आणि सखल जागी मुळं पाण्यात राहतात. त्यामुळे मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस किंवा चिपळूणचा जुलै २०२१ चा महापूर यांसारख्या घटना वलयाच्या रुंदीत शोधायला गेलात तर बहुधा हाती काही लागणार नाही. एका दिवसाच्या पुराची नोंद ठेवणं हे वलयाचं कामच नाही.

मग कोकणातलं वलय काय सांगतं? माझं मत ठाम आहे: ते ओल किती दिवस टिकली हे सांगतं. हंगामाची दोन टोकं इथे महत्त्वाची. मे महिन्यात वळवाच्या सरी झाल्या का, मृग वेळेवर लागला का, आणि दुसऱ्या टोकाला परतीचा पाऊस कधी संपला. भातकापणीच्या दिवसांत, दसरा-दिवाळीला पडणारा जो पाऊस शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळवतो, तोच सागाला दोन-तीन आठवड्यांची जादा वाढ देऊ शकतो. २०१९ मध्ये मान्सून देशातून उशिरा परतला आणि ऑक्टोबरअखेर क्यार चक्रीवादळाने किनाऱ्यावर पाऊस आणला. कोकणातल्या सागाचा नमुना हाती आला तर मी आधी त्या वर्षाच्या वलयाचा शेवटचा भाग पाहीन. पावसाळ्याच्या मधले मोठे खंडही शोधण्यासारखे आहेत. २००२ च्या जुलैत देशाचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला होता. असा खंड उथळ मातीवरच्या झाडाला कोकणातही जाणवू शकतो. म्हणून नमुना घ्यायचं झाड सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळपठाराच्या, कडेचं, पातळ मातीवरचं असावं. पऱ्याकाठचा, विहिरीजवळचा, शिंपण मिळणाऱ्या वाडीतला डौलदार साग दिसायला सुंदर, पण त्याला टंचाई माहीतच नसते आणि त्याची वलयं वर्षानुवर्षं एकसारखी निघतात.

वळवाचा एक धोकाही आहे. मे महिन्यात मोठा पाऊस झाला, झाड जागं झालं आणि नंतर मान्सून रेंगाळून कडक ऊन पडलं, तर वाढ मध्येच अडखळते आणि एका वर्षात दोन वलयं दिसतात. मे २०२१ च्या मध्यात तौक्ते वादळाने किनारपट्टीला झोडपलं. अशा वर्षांचं वलय दुहेरी आहे का हे भिंगाखाली तपासावंच. खरी सीमा अचानक असते, मोठ्या नलिकांनी सुरू होते. खोटी सीमा दोन्ही बाजूंनी हळूहळू विरते. याच्या उलट, फार हलाखीच्या वर्षी झाड खोडाच्या एखाद्या बाजूला वलय घालतच नाही.

खोटी आणि हरवलेली वलयं पकडण्यासाठीच हे शास्त्र एका झाडावर कधी विसंबत नाही. ए. ई. डग्लस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲरिझोनात ही पद्धत बसवली. रुंद-अरुंद वलयांचा क्रम एका झाडात जसा पडतो तसाच त्या परिसरातल्या इतर झाडांतही पडला आहे का, हे वर्षावर वर्ष ठेवून जुळवायचं. वीस झाडांत १९७२ चं वलय अरुंद आणि एकाच झाडात ते १९७१ ला किंवा १९७३ ला येत असेल, तर त्या झाडात कुठे तरी एक वलय जास्तीचं मोजलं गेलंय किंवा एक सुटलंय. ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ही देशभर पाऊस फार कमी झालेली वर्षं अशा जुळवणीत खुणेचे दगड म्हणून तपासतात. एका जागेची किमान वीस झाडं, प्रत्येकाचे दोन नमुने, हा माझ्या मते खालचा उंबरठा आहे. त्यानंतर तरुणपणीची रुंद आणि म्हातारपणीची अरुंद वलयं हा वयाचा परिणाम गणिताने काढून टाकतात, उरलेल्या चढउतारांची सरासरी घेतात आणि मगच ती पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडतात.

कोकणात या सगळ्याहून मोठी अडचण माणसाच्या हाताची आहे. तुमच्या बांधावरच्या ऐनाचंच घ्या. ऐनातही वलयं दिसतात, काही ठिकाणी बरी दिसतात. पण भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी, दर वर्षी किंवा वर्षाआड त्याची कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडली गेली असतील, तर प्रत्येक तोडीनंतर झाडाला पानं नव्याने घालावी लागतात आणि त्या वर्षी खोडाला फारसं काही उरत नाही. अशा ऐनाची पाच अरुंद वलयं सलग दिसली तर तो दुष्काळ नव्हे, तुमच्या आजोबांची शेती आहे. किंजळाचं तेच. खाजगी रानातला साग बहुतेक वेळा तोडीनंतर खुंटातून फुटलेला असतो, त्याचं मूळ जुनं आणि खोड तरुण. सागावर पानं खाणाऱ्या अळीची धाड ऐन पावसाळ्यात पडते. एखाद्या वर्षी अख्खं रान चाळणी होतं आणि भरपूर पाऊस असूनही वलय अरुंद राहतं. वणव्याची गोष्ट वेगळी, तो बुंध्याशी व्रण सोडून जातो, त्यामुळे ओळखता येतो. अळी मात्र हुबेहूब दुष्काळासारखी दिसते. ती ओळखायची तर शेजारी उगवलेल्या, त्या अळीच्या खाण्यात नसलेल्या दुसऱ्या जातीच्या झाडाची वलयं हाताशी असावी लागतात. तूण या कामी पाहावी असं मी सुचवेन, तिची वलयसीमा बऱ्यापैकी स्पष्ट असते.

म्हणूनच माझी नजर नेहमी देवरहाटीकडे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाकडे, जाते. कुऱ्हाड न लागलेली, कवळं न तोडलेली, पिढ्यानपिढ्या उभी असलेली झाडं कोकणात तिथेच उरली आहेत. नमुना घ्यायला झाड पाडावं लागत नाही. हाताने फिरवायचं पोकळ गिरमिट खोडात घालून पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची काडी बाहेर काढतात. पण ती जखमच असते, आणि कोकणच्या दमट हवेत जखमेतून बुरशी शिरते. शिवाय सागाच्या लाकडात सिलिका असल्याने गिरमिटाचं पातं लवकर बोथट होतं आणि बोथट पात्याने जखम वाढते. त्यामुळे गावकरी आणि मानकरी यांची मनापासून संमती नसेल तर देवरहाटीतल्या झाडाला हात लावू नये. वनखात्याची परवानगी असली तरीही. वादळात आपोआप पडलेलं झाड तिथे मिळालं तर त्याच्या एका चकतीत गिरमिटाच्या दहा काड्यांहून जास्त माहिती असते.

तुमच्या घराच्या खांबांबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. कोकणात जुनी चौसोपी घरं उतरत आहेत. सागाच्या तुळया, खांब, वासे फर्निचरसाठी विकले जातात आणि रंधा लागला की त्यातली नोंद कायमची संपते. दोनशे वर्षांच्या घरातला खांब हा त्याच्याही आधी वाढलेल्या झाडाचा असतो, म्हणजे पर्जन्यमापक नव्हते त्या काळाची वलयं त्यात आहेत. दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. सुतार खांब चौरस करताना सालीलगतचा पांढुरका भाग तासून टाकतो, कारण वाळवी आधी तोच खाते. बाहेरची वलयं गेल्यामुळे झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळत नाही, फक्त अमुक वर्षानंतर तोडलं इतकंच कळतं. कोपऱ्याला कुठे सालीची कड उरली असेल तर तो तुकडा सोन्यासारखा जपा. दुसरी मर्यादा लाकूड आलं कुठून याची. किनाऱ्यावर सागाचा व्यापार समुद्रमार्गे चालायचा. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज मलबारच्या सागाचं आहे आणि ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. दाभोळच्या खाडीतून तुमच्या गावात चढलेला खांबही मलबारचा असू शकतो, आणि मग त्यातला पाऊस दापोलीचा नव्हे. स्थानिक उभ्या झाडांची मालिका तयार झाली की ती खांबाशी जुळते का यावरून हा प्रश्न सुटतो. आधी जिवंत झाडं, मग जुनं लाकूड, हा क्रम उलटा करता येत नाही.

रुंदीखेरीज एक मार्ग आहे आणि कोकणासारख्या ओल्या प्रदेशात तोच पुढे जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. वलयातल्या सेल्युलोजमधलं (लाकडाच्या मुख्य घटकातलं) ऑक्सिजन-१८ चं, म्हणजे ऑक्सिजनच्या जड प्रकाराचं, प्रमाण दोन गोष्टींनी ठरतं: मुळांनी घेतलेलं पाणी कसल्या पावसाचं होतं आणि पानांभोवतीची हवा किती दमट होती. झाडाला पाणी भरपूर असलं तरी हे प्रमाण बदलत राहतं, म्हणून रुंदी मुकी असते तिथेही ते बोलतं. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी आपल्याकडच्या सागावर हे काम केलं आहे. एकाच वलयाचे अनेक पातळ काप करून त्या वर्षीच्या पावसातला खंडही ओळखता येतो, असं त्यांनी दाखवलं.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. आंब्याचा बुंधा या कामासाठी ठेवू नका. खांबांचं मात्र विकण्याआधी एवढं करा: ज्या टोकाला वलयं आखडती आणि पूर्ण दिसतात तिथून चार बोटं जाडीचा तुकडा कापून घ्या, तो घराच्या कोणत्या भागातला आणि घर साधारण कधीचं हे त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा. गावात कोणी रीतसर परवाना काढून साग तोडत असेल तर त्याच्याकडून बुंध्याच्या फुगीर भागाच्या वरची चकती मागून घ्या. जागा, उतार, तोडीची तारीख आणि उत्तरेची बाजू नोंदवा. चकती उन्हात ठेवली तर तडकते, बंद खोलीत ठेवली तर बुरशी धरते. पोटमाळ्यावर, वारा खेळतो अशा सावलीत उभी ठेवा. तेल, वॉर्निश, वाळवीचं औषध काही लावू नका, नाहीतर पुढे रासायनिक तपासणी होणार नाही. पूर्ण सुकल्यावर आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासत जा, नलिकांची तोंडं भिंगाखाली स्वच्छ दिसेपर्यंत. लाकडाची जात पक्की करायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय तुमच्या जवळच आहे.

आणखी एक काम आहे, ज्याला पैसे लागत नाहीत पण चिकाटी लागते. तुमच्या हद्दीतल्या चार-पाच सागांना छातीच्या उंचीवर स्प्रिंग लावलेली पत्र्याची पट्टी बांधा आणि दर आठवड्याला घेर किती सरकला ते वहीत लिहा. सोबत रोजचा पाऊस, पानं कधी गळली, नवी कधी आली, अळी कधी दिसली. पावसात साल फुगते आणि घेर खोटा वाढलेला दिसतो, म्हणून सलग आठवड्यांचा कल पाहायचा, एका दिवसाच्या आकड्यावर जायचं नाही. वाढ मे महिन्यात सुरू होते की जूनमध्ये, आणि परतीच्या पावसानंतर ती किती दिवस चालू राहते, हे तुमच्या जागेपुरतं तीन-चार वर्षांत स्पष्ट होईल. त्याच झाडांची वलयं नंतर कोणी मोजली तर कोणत्या वर्षाचं वलय का रुंद झालं याचं उत्तर त्या वहीत आधीच लिहिलेलं असेल.